हाथीडूबचे मेहमानदार

राज्य बदलले की हाथीडूब एक माणूस घेते. आजवर ती कधी चुकलेली नाही, पुढेही चुकणार नाही. अप्पासाहेब मोकाशी हे वाक्य त्या विवराच्या काठावर, डोक्यावरची पगडी सारखी करून, अशा आवाजात म्हणत की ऐकणाऱ्याचा हात आपोआप टोपीकडे जाई. मग ते क्षणभर थांबत आणि त्याच आवाजात विचारत, "चहा इथंच घ्याल, की मोटारीत पाठवू?"

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते सचिवालयात. ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्यभारत नावाचे राज्य झाले होते. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे, म्हणजे राज्याला पुरती राजधानी नव्हती, पण हवापालट होता. प्रसिद्धी शाखेत भाषांतरकार म्हणून मला एक टेबल आणि अर्धी खिडकी मिळाली होती. एके सकाळी दारात उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा एक गृहस्थ येऊन उभा राहिला. अंगात बंद गळ्याचा कोट, हातात शिसवी काठी. आत न येता त्याने काठीने उंबऱ्याच्या आतली फरशी दोनदा ठोकली, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि मगच पाऊल टाकले.

"भरीव आहे," ते म्हणाले. "बसा, बसा. उठायची तकलीफ नको."

ही त्यांची सवय ग्वाल्हेरच्या लष्कर वस्तीत सगळ्यांना ठाऊक होती. ते नया बाजारात दुकानाच्या पायरीवर चढताना काठी ठोकत, महाराज बाड्याच्या चौकात टांग्यातून उतरताना ठोकत, व्याह्यांच्या घरी पाटावर बसण्यापूर्वीही ठोकत. टांगेवाले त्यांना पाठीमागे 'ठोकेसाहब' म्हणत. अप्पासाहेबांना ते माहीत होते. "म्हणू द्या," ते म्हणत. "जमीन खोटं बोलत नाही, पण विचारल्याशिवाय बोलतही नाही."

संस्थानी काळात ते मेहमानदारी खात्यात होते. दरबारचे पाहुणे उतरवून घेणे, त्यांना किल्ला, शिकार आणि हाथीडूब दाखवणे आणि ते परत जाईपर्यंत त्यांचा अपमान होणार नाही याची काळजी घेणे, हे काम त्यांच्या घराण्याकडे तीन पिढ्या होते. विलीनीकरणात पाहुणे गेले, खाते गेले, आणि अप्पासाहेब उरले. कुणाला तरी दया आली म्हणून त्यांना प्रसिद्धी शाखेत हंगामी जागा मिळाली. काम एकच, पाहण्याजोग्या स्थळांची माहिती देणे. त्यांच्या मते पाहण्याजोगे स्थळ ग्वाल्हेरच्या मुलुखात एकच होते. किल्ल्याबद्दल ते म्हणत, "किल्ला काय, लांबूनही दिसतो."

हाथीडूब लांबून दिसत नाही. तीच तिची भीती. शिवपुरीचा रस्ता सोडून कच्च्या वाटेने बरेच आत गेले की एक सपाट, खुरट्या झुडपांचा माळ लागतो. माणूस बोलत बोलत चालत असतो आणि पुढच्या पावलाला जमीनच नसते. राजवाड्याचे आवार मावेल एवढे गोल भोक. त्याच्या कडा आत वळलेल्या, जसे काही माळाने तोंड उघडले आणि मिटायचे राहून गेले. फार खाली हिरवट काळे पाणी. त्यात आकाश दिसते, पण वरच्यापेक्षा अंधारलेले. कपारींत हजारो पारवे आहेत, आणि एवढे पारवे असूनही तिथे आवाज नसतो. विलीनीकरणाच्या पावसाळ्यात काठावरचे एक मोहाचे झाड मुळांसकट, उभेच्या उभे खाली गेले होते. पुढे कितीतरी महिने पाण्यातून त्याचा हिरवा शेंडा वर दिसत असे. मी पाहिला तेव्हा तो वाळला होता, पण उभा होता.

अप्पासाहेबांनी मला तिथे नेले ते पुस्तिका लिहिण्यासाठी. काठापासून बऱ्याच अंतरावर त्यांनी खुंट्यांना बांधून एक लाल दोर ताणला होता. दोराच्या पलीकडे, भोकावर जिभेसारखी आलेली एक सपाट शिळा होती. तिला 'गादी' म्हणत. गोष्ट अशी, की फार प्राचीन काळी एका राजाचे राज्य धाकट्या भावाने बळकावले. राज्याभिषेकाची मिरवणूक या माळावर आली आणि हत्ती, हौदा, छत्र, चवऱ्यांसकट नवा राजा जमिनीत गेला. वर राहिली ती फक्त ही शिळा. तेव्हापासून राज्य बदलले की गादीवर पाय ठेवणारा पहिला माणूस खाली जातो.

"कुठल्या पुराणात आहे ही कथा?" मी विचारले.

"ज्या पुराणात सापडेल त्या."

"आणि नाही सापडली तर?"

"तर पुराण अपुरं आहे म्हणून लिहा."

मी हसलो. ते हसले नाहीत. काठी दोराच्या अलीकडे ठोकत ते हळूहळू बाजूला सरकत होते. एका जागी आवाज बदलला. रिकाम्या रांजणावर टिचकी मारावी तसा. त्यांनी खुंटी उपटली, आमच्याच बाजूला चार हात मागे आणून पुन्हा ठोकली आणि दोर ताणून घेतला.

"मागच्या वर्षी इथं भरीव होतं," ते म्हणाले.

खरी गोष्ट त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी, नया बाजारातल्या आपल्या घरी सांगितली. राज्य पुनर्रचनेची बातमी पक्की झाली होती. मध्यभारत जाणार, मध्यप्रदेश येणार, राजधानी भोपाळला. सचिवालयातून कपाटे बाहेर निघत होती, लष्करमध्ये भाड्याच्या घरांच्या पाट्या दिसू लागल्या होत्या. ज्यांची बदली झाली ते रडत होते, आणि ज्यांची झाली नाही ते जास्त रडत होते, कारण त्यांचे काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हते. अप्पासाहेबांची जागा हंगामी. हाथीडूब सरकारी प्रेक्षणीय स्थळ म्हणून मंजूर झाली तर तिथला मेहमानदार म्हणून ते कायम होणार होते, नाहीतर दिवाळीपासून घरी.

"मग मंजूर होईलच की," मी म्हणालो. "असं दुसरं स्थळ आहे कुठं?"

त्यांच्या पत्नी, माई, चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "यांना खरं काय ते एकदा सांगून टाका. मला बताऊन बताऊन काय फायदा?"

अप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मग सांगितले. ते खात्यात नवे होते तेव्हाची गोष्ट. कुठलेसे मोठे पाहुणे हाथीडूब पाहायला आले होते. त्यांना फोटो हवा होता, मागे चांदीची छडी घेतलेला चोपदार उभा असलेला. चोपदाराचे नाव रामरतन. तो पाहुण्यांना पाठ दिसू नये म्हणून अदबीने मागे मागे सरकत काठावर जाऊन उभा राहिला. फोटो निघाला. मग काठाचा एक तुकडा, भाकरीचा मोडावा तसा मोडला. पाहुण्यांनी मागे वळून पाहिले तेव्हा छडी काठावर पडलेली होती.

"ओरडला का?" मी विचारले.

"पाहुण्यांसमोर? रामरतन? नाही. चौकशी झाली. चांदीची छडी सहीसलामत आहे असं निघालं. प्रकरण मिटलं."

त्यानंतर त्यांनी वरिष्ठांना विचारले होते, काठ पोकळ आहे अशी पाहुण्यांना सूचना द्यावी का? वरिष्ठ संतापले. दरबारचे स्थळ धोक्याचे आहे, असे दरबारच्याच माणसाने पाहुण्याला सांगायचे? ही तर बेअब्रू. संस्थानाचा दस्तूर तोच होता, की पाहुण्याला 'नको' म्हणायचे नाही, 'मागे व्हा' म्हणायचे नाही. पण दंतकथा सांगायला कुणाची मनाई नव्हती. दंतकथा म्हणजे आदरातिथ्य. तेव्हा अप्पासाहेबांनी एका रात्रीत हत्ती, हौदा, राजा आणि धाकटा भाऊ विवरात लोटले आणि गादीवरून माणसे हटवली.

"म्हणजे हे सगळं तुम्ही..."

"मी फक्त कठडा बांधला," ते म्हणाले. "लोखंडाचा मंजूर होत नव्हता."

लोखंडाचा नंतरही मंजूर झाला नाही. नव्या सरकारकडे त्यांनी मागणी केली होती. उत्तर आले, की स्थळ आधी मंजूर व्हावे, कठड्याचा विचार मग होईल. आणि धोक्याचे स्थळ मंजूर होत नाही, हे तर उघडच होते. त्या पावसाळ्यात गादीच्या मुळाशी एक चीर पडली होती. आधी त्यांच्या काठीचे टोक जाई. दसऱ्याला त्यांनी पाहिले तेव्हा त्यांचा पंजा गेला. आतून गार वारा येत होता.

माई म्हणाल्या, "दुसरं काही का लावून घेत नाही? त्या भोकाशी काय नातं आहे?"

"आहे," अप्पासाहेब म्हणाले. "पाहुणे आणतो मी तिच्या दारात. वापस न्यायची जिम्मेदारी कुणाची?"

दिवाळीच्या तोंडावर उपमंत्री आले. नव्या राज्यात त्यांचे पद राहणार नव्हते, हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना माहीत होते, आणि त्यांनाही बहुधा माहीत होते, कारण ते सापडेल त्या गोष्टीचे उद्घाटन करत सुटले होते. आदल्या आठवड्यात त्यांनी माझ्या पुस्तिकेतली दंतकथा लाल पेन्सिलीने उडवली होती. समासात लिहिले होते, 'अंधविश्वास'. त्या जागी त्यांनी स्वतःच्या फोटोसाठी चौकट आखली होती.

चार मोटारी आल्या. अप्पासाहेब पगडी आणि बंद गळ्याचा कोट घालून दोराशी उभे होते. त्यांनी मुजरा केला. उपमंत्र्यांनी तो हाताने झटकला.

"ये सब छोड़िए. अब राजा-रानी का जमाना गया. यहाँ सब बराबर हैं."

मागून दोन सचिव एकमेकांच्या पुढे यायला धडपडत होते, ते 'बराबर' ऐकून एका रेषेत आले. फोटोग्राफरने इकडे तिकडे पाहिले आणि गादीकडे बोट दाखवले. पाठीमागे सगळे विवर येईल, उजेड चांगला आहे, आठदहा माणसे आरामात मावतील.

"हुजूर," अप्पासाहेब म्हणाले, "उस शिला की एक पुरानी कथा है..."

"मालूम है," उपमंत्री म्हणाले. "मैंने ही काटी है. जनता के सामने इस अंधविश्वास को तोड़ना हमारा कर्तव्य है. चलिए, सब लोग खड़े होंगे, एक साथ." आणि त्यांनी स्वतःच दोर उचलला.

जनता म्हणजे चार ड्रायव्हर, मी आणि लांब एक म्हशीवाला. पण भाषण जनतेसाठीच असते.

मी अप्पासाहेबांकडे पाहिले. काही बोलले नाहीत तर माणसे शिळेवर जात होती. खरे बोलले तर स्थळ जात होते, जागा जात होती, आणि तीस-एक वर्षे ज्या आवाजात ते बोलत आले तो आवाजही जात होता. त्यांनी पगडी काढून काखेत घेतली. त्यांना बाहेर उघड्या डोक्याने मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"हुजूर, कथा झूठी है. मैंने बनाई है. सच बात ये है कि पत्थर फट गया है. नीचे पोला है. आदमी मर चुका है यहाँ."

उपमंत्र्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"सुना आपने? खुद मान रहे हैं कि कथा झूठी है! तीस साल से राज को और पब्लिक को बेवकूफ बनाया!" मग ते सचिवांकडे वळले. "कथा झूठी है, तो डर किस बात का? आइए!"

या युक्तिवादाला उत्तर नव्हते. मी तर्कशास्त्र शिकलो आहे, मलाही सुचले नाही. उपमंत्र्यांचा बूट दोराच्या पलीकडे पडला, दुसरा उचलला. तेवढ्यात अप्पासाहेब त्यांच्या कडेने पुढे गेले. काठी न ठोकता. सरळ गादीवर चढले, तिच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी पगडी पुन्हा डोक्यावर ठेवली. तोंड विवराकडे, पाठ पाहुण्यांकडे. मेहमानदाराने पाहुण्याला पाठ दाखवली, असे त्यांच्या घराण्यात तीन पिढ्यांत झाले नव्हते.

खाली कुठेतरी वाळू सांडू लागली. बारीक, सारखा, धान्य ओतल्यासारखा आवाज. मग कपारीतले पारवे एकदम उठले. ओरडले नाहीत, नुसते उठले, आणि भोकाच्या वर त्यांचा काळा गोल फिरू लागला. अप्पासाहेबांच्या कोटाचे टोक खालच्या वाऱ्याने हलत होते. मी दोर घट्ट धरून उभा होतो. उपमंत्री एक पाय दोराच्या आत, एक बाहेर, असे उभे होते.

"ये क्या तमाशा है?" ते म्हणाले. "ये आदमी हमसे आगे खड़ा होगा?"

वाळू सांडत होती.

"हटाइए इनको!"

हटवायला गादीवर जावे लागले असते. दोन्ही सचिवांनी एकमेकांना वाट करून दिली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"सर, फोटो?" फोटोग्राफरने विचारले. "ये बीच में रहेंगे तो आप पीछे आएँगे."

"मैं किसी मेहमानदार के पीछे खड़ा होने नहीं आया हूँ," उपमंत्री म्हणाले आणि त्यांनी पाय बाहेर घेतला. मोटारींची दारे धडाधड लागली. 'सब बराबर' म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना दुसरी जागा मान्य झाली असती, तर मी हे लिहीत नसतो, कारण दोर धरून मीही फार लांब नव्हतो.

धूळ खाली बसली तेव्हा अप्पासाहेब हलले. ते वळले नाहीत. दरबारातून निघतात तसे, विवराकडे तोंड ठेवून, मान लववून, एकेक पाऊल मागे येत गादीवरून उतरले. उतरल्यावर मात्र खाली बसले, आणि बराच वेळ उठेनात.

"अप्पासाहेब, तुम्ही गेला असता," मी म्हणालो.

"मी एकटा हलका आहे," ते म्हणाले. "आणि उपमंत्री मानाचा भुकेला आहे. दोन्हींवर भरवसा ठेवला. आता मला जरा पानी पाजा."

स्थळ नामंजूर झाले. कारण दिले होते की, 'तेथील कर्मचाऱ्याचे वर्तन पर्यटनास पोषक नाही'. अप्पासाहेबांची जागा दिवाळीला संपली. लष्करमध्ये लोक त्यांना बोलत. तीस वर्षे थापा मारल्या म्हणून जुने लोक रागावले, आणि कबूल केले म्हणून नवे लोक हसले. माईंनी फक्त एकदा मला म्हटले, "घरी बसले आहेत ते बरंच आहे हो. रात्री झोपेत मागे व्हा, मागे व्हा म्हणतात."

नवे राज्य सुरू झाल्यावर, थंडी पडायच्या सुमारास, एका स्वच्छ दुपारी गादी खाली गेली. पाऊस नाही, वारा नाही. माळावर फक्त तो म्हशीवाला होता. त्याने सांगितले की आधी आवाज आलाच नाही. शिळा जागेवर नव्हती, आणि मग बऱ्याच वेळाने आवाज आला. मी ही बातमी घेऊन अप्पासाहेबांकडे गेलो. ते उन्हात खुर्ची टाकून बसले होते.

"कोण होतं वर?" त्यांनी लगेच विचारले.

"कुणी नाही."

"नक्की? म्हशीवाल्याची पोरं?"

"सगळी घरी आहेत. मी विचारून आलो."

त्यांनी डोळे मिटले. "मग पाहुणे सगळे वापस गेले," ते म्हणाले. "झालं."

त्याच थंडीत ते गेले. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. लष्करने ऐकून घेतले आणि बाड्यावर ठरवून टाकले की राज्य बदलले, हाथीडूबने माणूस घेतला. गादीवर पहिला पाय कुणी ठेवला होता? कथा खोटी आहे हे ज्यांनी स्वतः अप्पासाहेबांच्या तोंडून ऐकले होते, ते ड्रायव्हरही हेच सांगू लागले. मी न्यूमोनियाचा पक्ष घेतला, पण एकटा पडलो. खरे सांगायचे तर त्या वर्षी मीही एकदोनदा फरशी ठोकून पाहिली.

अलीकडे पुष्कळ वर्षांनी हाथीडूबला गेलो. आता तिथे पक्का रस्ता आहे, गाड्या लावायला जागा आहे, नारळ आणि भजी मिळतात. काठावर शेंदूर फासलेला एक दगड आहे. पोरगेल्या गाइडने आमचा घोळका त्याच्यासमोर थांबवला आणि आवाज खाली आणून सांगितले, की प्राचीन काळी मोकासी बाबा नावाचे सिद्धपुरुष इथे तप करत. राज्य बुडत होते तेव्हा प्रजेला वाचवण्यासाठी त्यांनी हाथीडूबला आपला देह दिला. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. विवरातून गार वारा आला आणि पारवे उठले. माझ्याही अंगावर काटा आला, तो नाकारत नाही. एवढे तेज बाबांना आले कुठून, तर ते आजन्म बालब्रह्मचारी होते, असे गाइड म्हणाला.

अप्पासाहेबांना चार मुली होत्या.